खलास

धीर मिळेल म्हणून कोणी हे वाचायला घेतलं असेल तर आधीच सांगते, धीर माझ्याकडे फारसा नाही. होता तेवढा वापरून झाला. तरी लिहिते आहे, कारण माझं निदान झालं तेव्हा मीही मराठीत असं काहीतरी शोधत होते आणि जे सापडलं ते सगळं 'मी आजारावर मात केली' छापाचं. मात केलेल्या माणसांचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. अजूनही येतो. मला असं कोणीतरी हवं होतं जे म्हणेल, हो बाई, हे वाईटच आहे, मध्येच एखादी हसायची गोष्ट घडते, तेवढी धरून ठेव.

माझ्याकडे हसायची गोष्ट एकच आहे. ती एका शब्दाची आहे.

*

मी रग्बी खेळते. 'खेळत होते' असं लिहायला हात वळत नाही.

सांगलीची मुलगी रग्बीत कशी, हे सगळे विचारतात. बाबा इंग्लंडमध्ये नोकरीला असताना माझा जन्म तिथे झाला. मी धड चालायला लागायच्या आत आम्ही सांगलीला परतलो, बाबा पुढे रियाधला एका बँकेत लागले, आणि मी शाळेच्या मैदानावर कबड्डीत वाढले. खाली वाकून शिरायचं, समोरचीचं वजन तिच्यावरच उलटवायचं, हे मला तिथे आमच्या सरांनी शिकवलं. बारावीनंतर शिकायला इंग्लंडला गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात कॉलेजच्या मैदानावर चिखलात लोळणाऱ्या मुली दिसल्या. त्या आठवड्यात मी बूट घेतले.

माझी जागा फ्लँकरची. सोप्या भाषेत सांगायचं तर जिच्या हातात चेंडू आहे तिला जमिनीवर आणणारी. माझी पहिली पकड बघून आमच्या कोच हेलन म्हणाल्या, "हे तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "कांबळे सरांनी." कांबळे सर म्हणजे कुठल्यातरी मोठ्या क्लबचे कोच असणार, असं त्या आजही समजतात.

जन्म तिथला असल्यामुळे मला इंग्लंडकडून खेळता येणार होतं. दुसऱ्या वर्षी वीस वर्षांखालच्या मुलींच्या सराव शिबिराला बोलावणं आलं. हेलननी एकच गोष्ट सांगितली. "जुई, तू हलकी पडतेस. सुट्टीत वजन वाढव."

वजन वाढलं. सुट्टीत रियाधला आले, तिथे आता आईही बाबांकडे येऊन राहिली होती. तिच्या हातचं खाल्लं आणि काटा रोज पुढे सरकायला लागला. मी काट्याचा फोटो काढून हेलनना पाठवायचे, तिकडून टाळ्या यायच्या. घोटे सुजले तेव्हा वाटलं, व्यायाम जास्त झाला. जिना चढताना धाप लागली तेव्हा वाटलं, इथली हवा कोरडी आहे. चेहरा गोल झाला तेव्हा आई म्हणाली, "आता कुठं माणसासारखी दिसायलीस." आम्ही सगळेच खूश होतो.

ते सगळं पाणी होतं. किडन्यांनी काम सोडलं होतं आणि पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा वजन वाढलं म्हणून मी नाचले होते.

*

निदानाच्या दिवसाचं फार थोडं आठवतं. डॉक्टर इजिप्तचे, आवाज अगदी हळू. त्यांनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला आणि मला विचारलं, "सोबत कोण आहे?" मैदानात लागलं की डॉक्टर धावत येतात तेव्हा आधी तुमचं नाव विचारतात. सोबत कोण आहे, असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं.

बाबा आत आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं तरी रक्त असेल हे."

"दोनदा तपासलंय," डॉक्टर म्हणाले.

दोन्ही किडन्या आक्रसून गेल्या होत्या. कशामुळे, ते आता कळणार नाही म्हणाले. कारण शोधायची वेळ कधीच निघून गेली होती. मी विचारलं, "पुढच्या महिन्यात माझं शिबिर आहे. तोवर होईल ना?" डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

आईचं निदान मात्र पक्कं होतं. "धक्के खाऊन खाऊन गेल्या पोरीच्या किडन्या." डॉक्टरांनी तिला समजावलं, बाबांनी मराठीत समजावलं, की खेळाचा आणि याचा काही संबंध नाही. तिला ते पटलं नाही. कोणावर तरी खापर फोडायला हवं होतं. रग्बी इंग्लंडमध्ये होती, उलट बोलायला येणार नव्हती.

*

आता तो शब्द.

पहिलं डायलिसिस घाईने करावं लागलं. मानेत नळी घातली, मला पडद्याआड झोपवलं. बाबा विम्याच्या खिडकीशी उभे होते. आई बाहेर बाकावर एकटी, रियाधला येऊन तिला जेमतेम दोन महिने झालेले. दुकानात 'थँक यू' म्हणण्यापुरतं इंग्रजी आणि अरबी शून्य.

मशीन थांबलं. नूरा नावाची सौदी नर्स होती, माझ्यापेक्षा थोडीच मोठी. तिने मशीनच्या नळ्या काढल्या, हातमोजे ओढून काढले आणि बाहेर जाऊन आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मामा, खलास. खलास."

इकडे मोठ्या बाईला मायेने मामा म्हणतात. आणि खलास म्हणजे झालं, उरकलं, आता निघा. टॅक्सीवाल्यापासून पासपोर्टच्या खिडकीपर्यंत सगळे दिवसभर म्हणत असतात. पण सांगलीत खलास म्हणजे एकच.

मला पडद्याआडून आईचा आवाज ऐकू आला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकू नये. मानेतल्या नळीच्या जागी कळ येत होती, मला ओरडून 'मी आहे' म्हणता येईना. मी पलंगाच्या कठड्यावर हात आपटत राहिले. नूराला वाटलं मला झटका आला, ती आत पळाली. आईने तिला पळताना पाहिलं आणि फरशीवर बसकण मारली. बाबा धावत आले, पडदा ओढला, आणि आईने मला बघितलं. मी डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होते.

"ती बाई खलास म्हणायलीय की!" आई बाबांना म्हणाली.

बाबांनी अर्थ सांगितला. आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "आणि मला मामा काय म्हणायलीय ती? मी काय पुरुष दिसते?" त्यावर मला हसू आलं, मान दुखली आणि तरी हसू थांबेना. बाबाही हसले. नूराला समजावल्यावर तिने आईचे हात धरून दहा वेळा माफी मागितली.

"ही फजिती सांगलीत कुणाला सांगायची नाही हं," आईने दोघांनाही बजावलं. तसंही सांगलीत फक्त रेखामावशीला माझं आजारपण माहीत होतं. लग्नाच्या वयाची मुलगी, गाव बोलेल, हा आईचा हिशोब. मी वाद घातला नाही.

*

मग दिवसाआड तेच. काट्यावर उभं राहायचं, मशीन किती पाणी ओढणार ते ठरायचं, खुर्चीत पडून राहायचं, पुन्हा काट्यावर. पूर्वी मी वजन चढावं म्हणून काट्यावर चढायचे, आता उतरावं म्हणून. शेवटी नूरा यायची, टेप लावायची आणि म्हणायची, "खलास, हबीबती." हबीबती म्हणजे लाडके. ते ऐकलं की आई पिशवी उचलायची. "चला, खलास." हळूहळू तिला तो शब्द आवडायला लागला. आजपुरता छळ संपला, पोरीला घरी न्यायचं, एवढाच त्याचा अर्थ तिच्या मनात उरला. घरी भांडी घासून झाली की खलास, पोळ्या झाल्या की खलास.

पाण्याचं लिहायला हवं, कारण ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. दिवसाला मोजकंच पाणी, आणि बाहेर रियाधचा उन्हाळा. आई सकाळी एका बाटलीत माझं दिवसभराचं पाणी भरून ठेवायची. बाबांनी इकडच्या कॉफीचे बिनकानाचे चिमुकले कप आणले, त्यातून प्यायलं की जास्त वेळा प्यायल्यासारखं वाटतं. बर्फाचा खडा तोंडात ठेवा, पाण्यापेक्षा जास्त टिकतो. लिंबाची फोड नुसती हुंगली तरी तोंडाला पाणी सुटतं. एवढंच मी कोणाला उपयोगाचं सांगू शकते.

बाकी मला मिळाले ते सल्ले. "खेळाडू आहेस, लढशील." अहो, रग्बीत समोर कोणीतरी असतं. ती दिसते, तिचा खांदा दिसतो, कुठे शिरायचं ते कळतं. इथे कोणाला पाडू? खुर्चीत पडून छताकडे बघायचं, याला लढणं म्हणत असतील तर सोफ्यावर आडवे होणारे सगळेच शूर म्हणायचे.

*

मानेतली नळी कायमची ठेवता येत नाही. म्हणून डाव्या हातात मनगटाच्या वर छोटं ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडल्या. तिथली शीर फुगते, मोठ्या सुया टोचायला जागा होते. त्या जागी बोट ठेवलं की आत सतत गुरगुरतं. पहिल्या दिवशी आईने बोट लावलं आणि दचकून मागे घेतलं. मांजर बसलंय आत, म्हणाली.

त्या हातावर झोपायचं नाही, ओझं उचलायचं नाही, कोणाला तो धरू द्यायचा नाही. घड्याळ नाही, बांगडी नाही. आईने माझी बांगडी काढली आणि उजव्या हातात चढवली. एका हातात दोन आणि दुसरा रिकामा, हे तिला फार लागलं. मला लागलं ते वेगळंच. मी डावखुरी, पण उजव्या हाताच्या शिरा बारीक निघाल्या होत्या. माझी पकड डाव्या हाताने मिटते. मी हेलनना हाताचा फोटो पाठवला नाही. नुसतं कळवलं, उपचार चालू आहेत.

हेलननी लिहिलं, "तुझी जागा आहे. घाई करू नकोस."

त्या ओळीवर मी कितीतरी महिने काढले. शिबिर झालं. माझ्या जागी खेळली ती मैत्रीणच होती, तिने फोटो पाठवायच्या आधी विचारलं, पाठवू का. पाठव म्हटलं. तरी मनात एकच होतं. मशीन काही कायमचं नाही, किडनी मिळेल, सुया संपतील, हात मोकळा होईल, मग मी पुन्हा मैदानात. हे मी घरात कोणालाही बोलले नव्हते. बोलले असते तर कोणीतरी समजूत घातली असती.

*

किडनी देण्यासाठी आधी बाबा पुढे झाले. रक्तदाबामुळे पहिल्याच तपासणीत बाद झाले. त्या संध्याकाळी ते भलंमोठं कलिंगड घेऊन घरी आले. मला कलिंगड चालत नाही, नुसतं पाणी ते. घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबा दारात कलिंगड पोटाशी धरून उभे राहिले आणि मग त्यांना आठवलं.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" आई ओरडली.

"नाही," बाबा म्हणाले. "नाहीये."

मग दोघं भांडले. इंग्लंडला कोणी पाठवलं, रियाधला कोण येऊन बसलं, सांगलीत एकटीने पोर कोणी वाढवली. सगळं निघालं. कलिंगड ओट्यावर तसंच. मी आतल्या खोलीत उशी कानावर घेऊन पडले होते आणि मला एवढंच वाटत होतं, की मी आजारी पडले नसते तर ही दोघं म्हातारी होईपर्यंत हे एकमेकांना बोलली नसती. दुसऱ्या दिवशी आईने कलिंगड शेजारी देऊन टाकलं. नंतर ती बाबांशी नीट बोलायला लागली, बाबा मात्र बरेच दिवस हळू आवाजात बोलायचे.

आता आईच्या तपासण्या सुरू झाल्या.

*

माझ्या शेजारच्या खुर्चीत उम्म फहद असायची. फहदची आई. बुरैदा गावची, मुलाचा तिथे खजुराचा व्यापार, हिला मात्र खजूर बंद. आमच्यासारख्यांना त्यातल्या पोटॅशियममुळे खजूर चालत नाही. तरी ती दर वेळी आईसाठी डबा आणायची आणि आई खाताना तोंडाकडे टक लावून बघायची. "कसा आहे?" असं अरबीत विचारायची. आई मराठीत सांगायची, "गोड आहे हो, पण घशात चिकटतो." दोघींचं उत्तम चालायचं.

एकदा आई तपासणीसाठी रक्ताचा नमुना द्यायला खाली गेली होती तेव्हा उम्म फहदने झग्याची बाही सारून मला हात दाखवला. माझ्यासारखीच शीर, फुगून दोरखंडासारखी झालेली. नूराने तिचं बोलणं मला इंग्रजीत सांगितलं. तिला भावाने किडनी दिली होती. चांगली चालली, नातवंडं बघितली. मग ती किडनीही थकली. भाऊ एका किडनीवर राहिला आणि ही परत खुर्चीवर.

"भाऊ काय म्हणाला?" मी विचारलं.

नूराने विचारलं. उम्म फहदने बाही खाली ओढली. मग दोनच शब्द बोलली.

"म्हणते, त्याला तोंड दाखवायची लाज वाटते," नूरा म्हणाली.

आई वर आली, तिने विचारलं, काय गप्पा चालल्यात. मी म्हटलं, खजुराच्या.

*

आईचे रिपोर्ट आले त्या दिवशी आम्ही दोघीच गेलो. डॉक्टर तेच, इजिप्तचे. त्यांनी या वेळी रिपोर्ट सुलटा ठेवला. "मॅच," ते आईला म्हणाले.

मॅच हा शब्द आईला माझ्यामुळे नीट माहीत होता. आयुष्यभर तिला त्या शब्दाची धास्ती, कारण मॅच म्हणजे जुई लंगडत घरी येणार. आज ती लहान मुलीसारखी हसली. "जुई! तुझी माझी मॅच!"

डॉक्टर मग माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. ऑपरेशन कसं, नंतरच्या गोळ्या कशा, त्या जन्मभर. किडनी किती वर्षं चालेल ते सांगता येत नाही. मी विचारलं, बसवतात कुठे? त्यांनी स्वतःच्या कोटावर, पट्ट्याजवळ, उजवीकडे हात ठेवला. "इथे, पुढे. अगदी कातडीखाली. इथे बरगडी नसते."

ती जागा मला माहीत होती. कांबळे सर म्हणायचे, हाडावर जाऊ नको, हाडाच्या आत शीर. मी कितीतरी मुलींना नेमकं तिथेच खांदा घालून पाडलं आहे.

मी विचारलंच. "यानंतर मला खेळता येईल?"

"हो, का नाही? काय खेळता?"

त्यांना रग्बी माहीत नव्हती. मी फोनवर माझाच एक सामना लावला आणि पुढे केला. पावसातला, हिरव्या जर्सीतला. ते चष्मा वर करून कौतुकाने बघत होते. मग मी एकीला पाडलं. माझ्या पाठीवर दोघी पडल्या, त्यांच्यावर आणखी तिघी. डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. सामना चालूच होता, लोक ओरडत होते.

"पोहा. चाला. सायकल चालवा," ते म्हणाले. मग इंग्रजीत शब्द शोधत थांबले, सापडला नाही, आणि दोन्ही तळहात एकमेकांवर झटकून म्हणाले, "हे खलास."

आईने लगेच पिशवी उचलली. "खलास म्हणाले ना? चला. आज वरणभात लावते, तूप घालून." डॉक्टरांना तिने हात जोडले. ते माझ्याकडे बघत होते. तिला सांगू का, असं विचारत असावेत. मी मान हलवली, नको.

माझ्या आत येणार होतं ते तिचं होतं. ती माझ्या उजव्या बाजूने चालत होती, डावा हात धरायचा नाही हे तिला पाठ झालं होतं. माझ्या उजव्या हातातल्या दोन्ही बांगड्या वाजत होत्या.

गाडीत बसल्या बसल्या तिने रेखामावशीला फोन लावला. आवाज मोठा, श्वास न घेता बोलत होती. "अगं रेखा, डॉक्टरांकडनं आत्ताच निघालो. जुईचं खलास म्हणाले!"

पलीकडून मावशीच्या हुंदक्याचा आवाज मला बाजूला बसूनही ऐकू आला.

"अगं रडायलीस काय?" आई हसत हसत म्हणाली. "वेडे, इथं खलास म्हणजे झालं, सुटलो. तू चुकीचं ऐकलंस."

मी काचेला डोकं टेकवून बाहेर बघत राहिले. मावशीने बरोबर ऐकलं होतं.